ईव्हीए : प्रमाणावर बेतलेले प्लास्टिक

ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनिल ॲसिटेट हा कोपॉलिमर (दोन प्रकारच्या रेणूंची मिळून साखळी असलेले प्लास्टिक), दुधी, अर्धपारदर्शक दाण्यांच्या रूपात मिळतो. इथिलीन हा वायू आणि व्हिनिल ॲसिटेट हा द्रव वातावरणाच्या हजार पटींहून अधिक दाबाखाली एकत्र तापवले, की दोघांचे रेणू एकाच लांब साखळीत गुंफले जातात.

या पदार्थाचा स्वभाव मुख्यतः एका आकड्यावर ठरतो : त्या साखळीत व्हिनिल ॲसिटेटचे प्रमाण किती. साध्या पॉलिथिनमध्ये निव्वळ इथिलीनच्या साखळ्या मोळीतल्या काटक्यांप्रमाणे ठिकठिकाणी एकमेकींना खेटून बसतात आणि त्यामुळे त्याला कडकपणा व धूसरपणा येतो. व्हिनिल ॲसिटेटचे बाजूला फुटलेले गट ही मांडणी विस्कटतात. त्यांचे प्रमाण वजनाने ४-५ टक्के असेल, तर पॉलिथिनहून थोडी चिवट फिल्म मिळते; २८ टक्क्यांच्या आसपास गेले, की पदार्थ मऊ, पारदर्शक आणि चिकट होतो व सुमारे ७० अंश सेल्सिअसलाच वितळू लागतो. पीव्हीसीला मऊ करण्यासाठी जे प्लास्टिसायझर मिसळावे लागतात, त्यांची ईव्हीएला गरज नसते. हा गुण सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण शिरेवाटे द्यायच्या पोषणद्रवातील स्निग्धांश मऊ पीव्हीसीतून प्लास्टिसायझर ओढून घेतो आणि म्हणूनच असा द्रव भरण्यासाठी ईव्हीएच्या पिशव्या वापरतात.

चपलेचा फोम करताना ईव्हीएमध्ये पेरॉक्साइड आणि वायू सोडणारे एक रसायन मिसळून मिश्रण साच्यात तापवले जाते. पेरॉक्साइड साखळ्यांना आडवे जोड देते, वायू असंख्य बंद कप्पे तयार करतो आणि साचा उघडताच फोम साच्याहून मोठा होऊन बाहेर येतो. कप्पे बंद असल्यामुळे पाणी आत झिरपत नाही. १९७० च्या दशकात धावण्याच्या बुटांच्या तळव्यात हा फोम आला, तो या कप्प्यांमुळे येणाऱ्या हलकेपणामुळे. मात्र रोजच्या वजनाखाली हे कप्पे हळूहळू दबतात, आणि कडक उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेली चप्पल आखडून पायाला लहान होऊ शकते.

ग्लूगनची कांडी, पुस्तकाच्या कण्याला लावलेला गरम डिंक आणि लॅमिनेशनच्या फिल्मचा आतला थर यांतही बहुधा ईव्हीएच असतो. हा थर वितळून कागदाच्या तंतूंत मुरतो व नंतर सुखरूप सोडवता येत नाही. त्यामुळे जुने मूळ दस्तऐवज लॅमिनेट करणे कटाक्षाने टाळावे.

ईव्हीएची खरी कसोटी मात्र सौरपॅनलमध्ये लागते. १९७५ मध्ये अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत सुरू झालेल्या प्रकल्पात सौरघटांसाठी (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या घटकांसाठी) स्वस्त आवरणाचा शोध घेताना हा पदार्थ पुढे आला. सिलिकॉनचे पातळ, ठिसूळ घट ईव्हीएच्या सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन पत्र्यांमध्ये ठेवून निर्वातात १५० अंशांच्या आसपास तापवले, की ते काचेला पक्के चिकटतात. याच वेळी साखळ्यांमध्ये आडवे जोड तयार होत असल्यामुळे पुढे उन्हात हा थर वितळून वाहत नाही. शिवाय त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा) काचेच्या अपवर्तनांकाजवळ असल्याने दोघांच्या सीमेवर फारच थोडा प्रकाश परत फिरतो.

तरीही १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कॅरिझो मैदानावरच्या प्रकल्पात, जिथे आरशांनी जादा ऊन पॅनलवर टाकले जात होते, हा थर तपकिरी पडला आणि वीजनिर्मिती घटली. उष्णता व अतिनील किरणांनी ईव्हीएचे संरक्षक घटक संपत जातात, हे या अनुभवातून दिसले आणि पुढे मिश्रणे सुधारली गेली. ओलावा ही दुसरी अडचण आहे. उष्णता आणि दमटपणात व्हिनिल ॲसिटेटपासून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते घटावरच्या बारीक धातूरेषा कुरतडते. जो गट या पदार्थाला मऊपणा आणि चिकटपणा देतो, तोच इथे त्याचे दुखणे ठरतो. म्हणून कोकणासारख्या दमट किनाऱ्यावर पॅनलच्या कडा आणि मागचा पत्रा किती उत्तम प्रतीचा आहे, याला फार महत्त्व आहे. काही पॅनलमध्ये आता ईव्हीएऐवजी पॉलिओलेफिन या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा थर देतात.

आडवे जोड पडलेला ईव्हीए पुन्हा वितळवता येत नाही. निकामी पॅनलमधील काच, सिलिकॉन आणि चांदी परत मिळवायची, तर हा थर उच्च तापमानाला जाळून किंवा विघटित करून, रसायनांनी फुगवून अथवा यंत्राने कापून वेगळा करावा लागतो, आणि पॅनलच्या पुनर्वापरातील सर्वांत अवघड टप्पा हाच आहे.