तालमीचा खर्च

(दृश्य: रात्र. मोकळं मैदान. कमरेच्या पट्ट्यात उंच काठी पेललेला तरुण. आवाज फक्त पावलांचा.)

ही सिद्धेश्वर यात्रा नाही. यात्रेला अजून महिना आहे. जानेवारीत संमती कट्ट्यावर अक्षता पडतील, तेव्हा सोलापुरात पाय ठेवायला जागा नसेल. बाराबंदी घातलेले हजारो भक्त, नंदीध्वज म्हणजे उंच काठ्या, अशा सात, हर्र बोला हर्र. ते सगळ्यांनी पाहिलंय. आम्ही आलोय सरावाला.

काठीला वजन बांधलंय. पेलणारा एकच. पण भोवती पाचसहा जण हात पुढे करून उभे आहेत, त्यांच्याकडे बघा. नजर काठीच्या टोकावरून हलत नाही.

कथा बाराव्या शतकातली. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. योगी पुरुष, लग्न कसं करणार? मग आपल्या योगदंडाशी विवाह लावायला त्यांनी परवानगी दिली. नंदीध्वज त्याच योगदंडाचं प्रतीक. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना हे ध्वज प्रदक्षिणा घालतात. त्यासाठी आधी कितीतरी रात्री हे असं मैदान लागतं. मैदान, दिवे, चहा. पदरमोड ज्याची त्याची.

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, विणकरांची वस्ती. यंत्रमाग. आवाज पूर्ण ठेवावा, निवेदन दहा सेकंदांनी.)

मागाच्या डोक्यावर ही पुठ्ठ्यांची माळ फिरतेय. प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकं. जिथं भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो आणि खालून धोटा निघून जातो. एका पुठ्ठ्याला बाण्याचा एक धागा. चादरीवरचं एक फूल उमलायला किती पुठ्ठे फिरले, ते मोजायचा आम्ही प्रयत्न केला. नाद सोडला.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमानही आहे. पण चौकटीच्या कागदावर ही नक्षी ज्यानं आधी रंगवली, तो कलावंतांच्या कुठल्या यादीत असतो? आम्ही विचारलं तर हसला. “आमी कामगार की वो.”

(दृश्य: शाळेचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली. फळ्यावर दिवसाचं गणित तसंच.)

रात्रीचे साडेआठ. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम. पण आज आधी बैठक आहे. बार्शीचे हौशी रंगकर्मी आलेत, पंढरपूरचे एक मृदंगवादक, मंगळवेढ्याच्या दोघी, शेजारच्या धाराशिवहून एक शाहीर. बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, मांडणाऱ्या बायका आहेत आणि ते नक्षीवाले काकाही. बाकं लहान, माणसं मोठी, त्यामुळं बरेच जण उभेच.

गावोगावच्या या मंडळींनी पहिल्यांदाच कलेसाठी एक सामाईक निवेदन लिहायला घेतलंय. पाऊण तास गेला तो एका शब्दात. मसुद्यात होतं ‘अनुदान’. मागून एक ताई म्हणाल्या, “अनुदान म्हणलं की हात पसरल्यासारखं वाटतंय. गुंतवणूक लिवा.”

शाहीर म्हणाले, “गुंतवणूक म्हणल्यावर परतावा इचारतील.”

“इचारू द्या की काका. सांगू.”

खाडाखोड झाली. कागद कॅमेऱ्याजवळ धरलाय, अक्षर वाचता येतंय.

अमर शेखांची बार्शी, शाहीर राम जोशींचं सोलापूर, चित्रकार हुसेन जन्मले ते पंढरपूर. नावं सांगायची तर या जिल्ह्याला तोटा नाही. मोठे सोहळेही झाले. 2006 चं साहित्य संमेलन इथंच झालं, अध्यक्ष याच मातीतले मारुती चितमपल्ली. 2024 मध्ये शंभराव्या नाट्यसंमेलनाचं विभागीय संमेलन झालं. मांडव पडला आणि निघाला. मांडवाला पैसा मिळतो. तालमीला मिळत नाही, कारण तालमीचं उद्घाटन करता येत नाही.

म्हणून मागणी साधी ठेवलीय. दर तालुक्याला संध्याकाळी उघडी राहणारी एक जागा. जिल्हा नियोजनात कलेसाठी स्वतंत्र तरतूद, दरवर्षीची. आणि उद्योगांनी आपल्या सामाजिक निधीतला वाटा इकडे वळवावा. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृती आहेच. राज्यानं 2024 मध्ये नवं सांस्कृतिक धोरणही मंजूर केलंय. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयाला साधारण 3361 कोटी मिळाले. आकडा भरभक्कम वाटतो. एकूण खर्चाशी ताडून पाहिला तर शंभर रुपयांमागे सात पैसेसुद्धा नाहीत.

एकत्र मागण्याची ही रीत जगावेगळी नाही. गिरण्यांचंच गाव असलेल्या मँचेस्टरच्या परिसरात 10 स्थानिक स्वराज्य संस्था मिळून कलेसाठी एकत्रित निधी चालवतात. जुनी गिरणी 1877 ची असलेल्या सोलापूरला हे अवघड जाऊ नये.

(दृश्य: सरकारी कार्यालयाचा जिना. चार सेकंद.)

निवेदन दिलं. पोच मिळाली. विषय अजून बैठकीत यायचाय.

(दृश्य: पुन्हा तोच वर्ग. दारात शिपाई.)

दुसऱ्या अंकाचा शेवट अजून बसलेला नाही. नायिकेची एंट्री उशिरा होतेय, दिग्दर्शक म्हणतो पुन्हा घ्या. शिपाईमामा घड्याळ दाखवतात. किल्ली साडेदहाला परत द्यायची असते.

“एकदाच, मामा.”

(बाकं जागेवर सरकवल्याचा आवाज. काळोख.)