दऱ्या आणि दर्या

(दृश्य : डोंगरावर उतरलेले ढग, लाल मातीचा रस्ता, कौलारू घर)

मे सरत आलाय. मलप्रभा जिथं उगम पावते, त्या कणकुंबीच्या बाजूला वळीव दोनदा झोडपून गेला. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या या घरात घाई आहे ती शाळेची. आठ दिवस उरलेत.

सर मराठी माध्यमाच्या शाळेत समाज विज्ञान शिकवतात. मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ करायचा हा त्यांचा स्टुडिओ : एक खाट, दोन उशा आणि वर पांघरलेली वाकळ. वाकळीखाली आवाज घुमत नाही. उकडतं मात्र भयंकर.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. इथल्या मराठी शाळांतली पुस्तकं मराठीत, पण अभ्यासक्रम कर्नाटकचा. मोबाईलवर महाराष्ट्रातले मराठी व्हिडिओ ढिगानं सापडतात. त्यांत धडे वेगळे, क्रम वेगळा. क्रम जुळणारे सापडतात ते बहुतेक कन्नडमधले. या दोन्हींच्या मधल्या मुलांसाठी कुणी बसायचं? म्हणून ही वाकळ.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा, अगदी जवळून)

या सरांच्या जुन्या नोट्स, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या. मोबाईलवर उघडल्या की हे असं : इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. जुन्या फॉन्टमधला 'क' हा खरा 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं ते चित्र असतं. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःची जागा आहे, म्हणून सगळा मजकूर त्यात आणायचा. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं; पण त्याच्यावर विसंबलात तर फसलात.

(दृश्य : एका ओळीवर थांबलेलं बोट)

'सह्याद्रीतल्या खोल दर्या.'

"दर्या म्हणजे समुद्र की ओ सर," बाई म्हणतात. "डोंगरात कुठला समुद्र आणलाय?"

सर हसतात. 'ऱ' वेगळा टाइप करतात. दऱ्या. पुढं वाऱ्याचा 'वार्या' झालाय, किनाऱ्याचा 'किनार्या'. सत्तेचाळीस पानं आहेत. बाई शेजारच्या गावात मराठी शिकवतात. तपासायला त्याच हव्यात, आपल्या हातची चूक आपल्याला कुठली दिसायला!

(दृश्य : तडा गेलेला मोबाईल)

हा शेजारच्या पोराचा. सगळं आधी याच्यावर उघडायचं, हा सरांचा नियम. लॅपटॉपवर झकास दिसणारा नकाशा इथं नखाएवढा झाला, नद्यांची नावं मुंग्यांसारखी. मग त्याचे चार तुकडे केले. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून नेमकं काय उघडतं, तेही एकेक करून पाहिलं. रेंज अंगणाच्या टोकाला, ती पण कधी कधी; म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत नुसत्या आवाजाची हलकी फाईल.

(दृश्य : पहाट, खाट, वाकळीतून बाहेर आलेले पाय)

शाळा भरली. फाईली पोचल्या, दोन वाड्या राहिल्यात.

तिसऱ्या धड्यात मलप्रभा उगमापासून निघते न निघते तोच कोंबडा आरवतो. तीनदा रेकॉर्डिंग केलं, तीनदा आरवला. राहू दिला.