गुहेपर्यंतचा लिंगाणा

पहाटेचे साडेतीन वाजले आहेत. पुणे जिल्ह्यातल्या मोहरी गावातून लिंगाणा किल्ला चढायला निघालेले, आमच्या कॅमेऱ्यासमोरचे हे अकरा जण बोराट्याच्या नाळेत, म्हणजे दगडांनी भरलेल्या उभ्या घळीत, उतरत आहेत. विजेऱ्यांच्या उजेडात दिसणाऱ्या या दगडांपैकी कोणता डुगडुगेल, हे त्यावर पाय ठेवल्याखेरीज कळत नाही. मधूनच वरून "दगड!" अशी आरोळी येते आणि खालचे सगळे कड्याला चिकटून उभे राहतात.

उजाडताना रायलिंग पठार आणि लिंगाणा यांच्यामधली खिंड लागते. सुमारे 3 हजार फूट उंचीच्या या दुर्गाच्या गुहांत शिवकाळात कैदी ठेवले जात. जुन्या वाटेच्या पायऱ्या आता जागोजागी नाहीशा झाल्या आहेत, त्यामुळे दोराचा आधार अटळ आहे.

निळ्या हेल्मेटमधल्या या बाई शाळेत गणित शिकवतात. गेल्या वर्षी त्या याच खिंडीतून परतल्या होत्या.

सह्याद्रीचा हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला असल्यामुळे त्यात आडव्या कपारी सापडतात. पण नवख्याला त्या दिसत नाहीत, कारण त्याची नजर वर, हातांकडे असते. बोटांनी अंग ओढत राहिले की मनगटापासून कोपरापर्यंतचा हात दगडासारखा भरून येतो, आणि मग चांगली खाचसुद्धा निसटते. म्हणून वर्षभर दर रविवारी, जेमतेम वीस फुटांच्या एका कातळावर, बाईंनी एवढेच गिरवले: दोन हात आणि दोन पाय यांपैकी तिघे स्थिर असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, आणि भार पायांवर द्यायचा.

आता हा बूट पाहा. बोटभर रुंदीच्या कपारीवर त्याचे टोक टेकले आहे आणि पोटरी शिलाई मशीनसारखी थरथरते आहे. बाई वर पाहत नाहीत. त्या टाच किंचित खाली सोडतात, श्वास सोडतात. थरथर थांबते.

खाली बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, तरुण त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर दोर आत ओढतो आहे. त्याचा उजवा हात दोरावरून क्षणभरही सुटत नाही. चढाईच्या छायाचित्रांत हा माणूस सहसा नसतो, म्हणून आम्ही त्याच्यावर कॅमेरा जरा जास्तच वेळ ठेवला आहे. दोर आणि जाणकार सोबती यांच्याविना निघणाऱ्या मोहिमांमुळे सह्याद्रीत अनेकांचे जीव गेले आहेत.

माथ्यावरून पश्चिमेला रायगड दिसतो, उन्हात न्हालेला, अगदी हाताच्या अंतरावर वाटावा असा. इथे पोहोचलेले दहा जण आहेत. बाई गुहेपाशीच थांबल्या. हातात ताकद उरली आहे, पण ती उतरण्यापुरतीच आहे, असे त्यांनी स्वतःहून म्होरक्याला सांगितले. ते बोलणे चित्रित झाले नाही. कॅमेरा तेव्हा वर गेला होता.

दुपारी रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून सरकत, सगळे खिंडीत उतरू लागतात. तळाशी दोराचे टोक धरून एक जण उभा असतो. उतरणाऱ्याचा ताबा सुटला, तर तो दोर ताणून त्याला जागीच थांबवतो. सगळ्यांच्या आधी खाली आल्यामुळे हे काम बाईंकडे आले आहे. त्यांची मान वर आहे, दोर दोन्ही मुठींत आहे, आणि वरून म्होरक्या ओरडून विचारतो, "बाई, तयार?"