सुबान गेला, वेबर आला

नमस्कार श्रोते हो.

आज बोलायचंय आइस हॉकीबद्दल, आणि तेही उन्हाळ्यातल्या आइस हॉकीबद्दल. भारतातून ऐकणाऱ्यांना प्रश्न पडेल की बर्फावरच्या खेळाचं उन्हाळ्यात काय काम? हॉकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हिरवं मैदान येणार, खडकीचे धनराज पिल्ले येणार. पण कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा, विशेषतः शाळेत जाणारी मुलं घरात असतील त्याला. तो सांगेल की खेळ जूनमध्ये संपतो, पण हॉकीवरची भांडणं खरी तेव्हाच सुरू होतात.

कुणीतरी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद, उचलतो. मग जूनच्या अखेरीस ड्राफ्ट होतो, म्हणजे अठरा वर्षांच्या नव्या पोरांची निवड. 1 जुलैला, बरोबर कॅनडा डेच्या दिवशी, करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. आणि या सगळ्याच्या आगेमागे संघ एकमेकांत खेळाडूंची अदलाबदल करतात. इथे सगळे त्याला ट्रेड म्हणतात, मीही तेच म्हणेन. आपल्याकडच्या श्रोत्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. करारात तशी खास अट नसेल तर ट्रेड करताना खेळाडूला विचारावंही लागत नाही. सकाळी तो मॉन्ट्रियलचा असतो, संध्याकाळी नॅशव्हिलचा.

मी मुद्दामच ही दोन गावं घेतली. मी मॉन्ट्रियलमध्ये राहते, आणि 29 जून 2016 ही तारीख या शहरात अजून कुणाला सांगावी लागत नाही.

त्या दुपारी अर्ध्या तासाच्या आत तीन बातम्या आल्या. एडमंटनने टेलर हॉलला न्यू जर्सीला दिलं आणि बदल्यात ॲडम लार्सन घेतला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी पी. के. सुबानला नॅशव्हिलला दिलं आणि शे वेबरला आणलं. आणि ज्याच्यासाठी अनेक संघ टपून बसले होते, तो स्टीव्हन स्टॅमकोस टॅम्पामध्येच राहिला. पहिल्या आणि तिसऱ्या बातमीवरही पुष्कळ बोलता येईल. पण माझं शहर अडकलं ते मधल्या बातमीत.

एकाला एक. सोबत ड्राफ्टची निवड नाही, तिसरा खेळाडू नाही. एक बचावपटू द्या, एक बचावपटू घ्या. असा ट्रेड दिसायला सोपा असतो, आणि म्हणूनच त्यावर वाद घालायला प्रत्येकजण पुढे येतो.

सुबान तेव्हा 27 वर्षांचा होता. टोरोंटोत जन्मलेला, वडील जमैकाचे, आई मॉन्टसेरात बेटावरची. 2007 च्या ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलने त्याला 43 व्या क्रमांकावर उचललं आणि 2013 मध्ये तो सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक घेऊन उभा होता. त्याचा खेळ बघणं म्हणजे छातीत धडधड. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती, घेऊन आपल्या गोलजवळून निघायचा तो थेट समोरच्या टोकापर्यंत. कधी गोल व्हायचा, कधी पक हरवायचा. अंगावर झकपक सूट, बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. सप्टेंबर 2015 मध्ये त्याने मॉन्ट्रियल चिल्ड्रन्स हॉस्पिटलसाठी सात वर्षांत 1 कोटी डॉलर उभे करून देण्याचं वचन दिलं. स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये 76 नंबरची जर्सी घातलेली मुलं दिसायची. तमिळ, हैतीयन, पंजाबी, आपलीही. हॉकी हा गोऱ्यांचा खेळ आहे असं ज्या घरांत न बोलता मानलं जायचं, त्या घरांत सुबानमुळे टीव्ही लागायला लागला.

वेबर 30 वर्षांचा, नॅशव्हिलचा कर्णधार. अबोल, डोंगरासारखा. त्याचा फटका ताशी 170 किलोमीटरच्या पुढे जायचा. ऑल-स्टार सामन्यांच्या वेळी सर्वांत जोरदार फटक्याची जी स्पर्धा होते, ती त्याने 2015 पासून सलग तीन वेळा जिंकली. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध त्याने मारलेला पक गोलच्या जाळीतून आरपार निघून गेला, आणि गोल झालाय हे पंचांना चित्रफीत पाहून ठरवावं लागलं. कॅनडाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. तेव्हा आम्हाला कुणी ऐरागैरा देऊन फसवलं होतं, असं मुळीच नव्हतं.

मग घाई कशाची होती? इथे नियम समजून घ्यायला हवेत. 2004-05 चा आख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला आणि त्यातून वेतनमर्यादा आली. प्रत्येक संघाने सर्व खेळाडूंवर मिळून अमुक इतकाच खर्च करायचा. सुबानचा करार आठ वर्षांचा, 7 कोटी 20 लाख डॉलरचा, म्हणजे वर्षाला 90 लाख. आणि त्याच करारात अशी अट होती की 1 जुलै 2016 पासून त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. 29 जूनला ट्रेड झाला. दार बंद व्हायला दोन दिवस उरले होते. जनरल मॅनेजर मार्क बेर्जेव्हँ यांनी ते साधलं.

त्यानंतर या शहरात जे पेटलं ते मी विसरू शकत नाही. इंग्रजी रेडिओवर, फ्रेंच रेडिओवर, मेट्रोत, डेपानरच्या, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काउंटरवर एकच विषय. एका बाजूचं म्हणणं असं की संघाला शिस्त हवी, ड्रेसिंग रूममध्ये एकाच माणसाचा आवाज नको. ट्रेडच्या आधीच्या हिवाळ्यात कोलोरॅडोविरुद्ध सुबानच्या हातून पक निसटला, गोल झाला, आणि प्रशिक्षक मिशेल तेर्यां यांनी उरलेला सामना त्याला बाकावर बसवलं होतं. ही मंडळी तो प्रसंग काढून दाखवायची. दुसऱ्या बाजूला आकडेवाले होते, आणि तेही सुबानचेच निघाले. तो बर्फावर असताना पक आपल्या ताब्यात किती असतो, फटके कोणत्या दिशेने जातात, हे मोजून ते सांगत होते की तरुण आणि सरस खेळाडू देऊन आपण वयाने मोठा घेतोय, ज्याचा करार 2026 पर्यंत चालणार आहे.

आणि मग माझ्यासारखे होते. आम्हाला वाटत होतं की या माणसाने शहराला शब्द दिला होता, आणि शहराने त्याला दोन दिवस आधी गाठून बाहेर काढलं.

आम्हाला उत्तर मिळालं की हे भावनिक आहे, हॉकी हा धंदा आहे.

मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तिकीट विकताना, जर्सी विकताना, सामन्याआधी दिवे मालवून 24 स्टॅन्ली कपांचा इतिहास पडद्यावर दाखवताना आमच्या भावनेलाच हात घातला जातो. तीच भावना ट्रेडच्या दिवशी अडाणीपणा कशी ठरते? आणखी एक सांगायला हवं. सुबानला 'भडक', 'स्वतःपुरता', 'जास्तच मोठा आवाज' असं जे म्हटलं जायचं, ते शब्द या खेळात काळ्या खेळाडूच्या वाट्याला लवकर येतात. त्याला घालवण्यामागे तेच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या मुलांना तो वास आला होता, आणि मुलं चुकत नव्हती.

या शहराची आठवणही लांब आहे. आमच्या ओळखीतले एक आजोबा सत्तरच्या दशकात इथे आले. 1976 ते 1979 असे लागोपाठ चार कप त्यांनी पाहिले, गी लाफ्लर आणि केन ड्रायडन यांचे. पण ट्रेडचा विषय निघाला की ते लाफ्लरबद्दल बोलत नाहीत, पात्रिक रुआबद्दल बोलतात. डिसेंबर 1995 मध्ये डेट्रॉइटविरुद्ध गोलामागून गोल होत असताना प्रशिक्षकाने रुआला गोलमध्येच उभं ठेवलं. शेवटी बाहेर काढल्यावर तो बाकामागे बसलेल्या अध्यक्षांकडे गेला आणि मॉन्ट्रियलकडून हा माझा शेवटचा सामना, असं सांगून मोकळा झाला. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला पाठवलं. त्याच हंगामाच्या शेवटी कोलोरॅडोने स्टॅन्ली कप जिंकला. मॉन्ट्रियलने शेवटचा जिंकला होता तो 1993 मध्ये, रुआ गोलमध्ये असताना, आणि त्यानंतर आजवर पुन्हा नाही. आजोबा म्हणतात, "माणूस दुखावून पाठवलात की तो जाताना काहीतरी घेऊन जातो." याला कुठल्याही आकड्याचा आधार नाही हे मला माहीत आहे. तरी इथला प्रत्येक वाद त्याच घरापाशी येतो.

पुढे काय झालं ते सांगते, कारण वादाची खरी मजा तिथे आहे. पहिल्याच वर्षी, 2017 मध्ये, नॅशव्हिल स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत गेलं, सुबानसह. पिट्सबर्गकडून हरलं, पण गेलं. मॉन्ट्रियलमध्ये आम्ही एकमेकांना फोन करून "बघितलंस?" म्हणत होतो. ज्या तेर्यां यांच्या शिस्तीसाठी सुबान गेला म्हणतात, त्यांना त्याच फेब्रुवारीत काढून टाकलं होतं. मार्चमध्ये सुबान नॅशव्हिलच्या जर्सीत बेल सेंटरवर, म्हणजे आमच्या संघाच्या घरच्या स्टेडियमवर, आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि तो रडला.

इथे थांबलं तर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण 2018 मध्ये वेबर आमचा कर्णधार झाला. गुडघा, पाय, अंगठा, काय काय मोडलं, तरी तो खेळत राहिला. 2021 मध्ये आम्ही टोरोंटोविरुद्ध 3-1 असे मागे असताना मालिका फिरवली, विनिपेगला चारही सामन्यांत हरवलं, आणि 24 जूनला, सेंट-जाँ-बातिस्तच्या सणाच्या रात्री, आर्तुरी लेहकोनेनच्या ओव्हरटाइममधल्या गोलने व्हेगासला घरी पाठवलं. 1993 नंतर प्रथमच अंतिम फेरी. टॅम्पाने आम्हाला तिथे पाच सामन्यांत संपवलं. वेबरचा तो शेवटचा सामना ठरला. तोपर्यंत सुबान कुठे होता? नॅशव्हिलने त्याला 2019 मध्येच न्यू जर्सीला देऊन टाकलं होतं. 2022 मध्ये तो निवृत्त झाला.

म्हणजे दोघांनीही आपापल्या नव्या संघाला एकेकदा अंतिम फेरी दाखवली, कप कुणालाच मिळाला नाही, आणि शरीरं दोघांचीही लवकर थकली. हिशेब बरोबरीत सुटला असं म्हणणारे आहेत. मला ते पुरेसं वाटत नाही.

वेबरच्या कराराची पुढची कथा तर विलक्षण आहे. तो पुन्हा खेळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असताना 2022 मध्ये मॉन्ट्रियलने तो करार व्हेगासला दिला आणि बदल्यात येवगेनी दादोनोव्ह घेतला. पुढे तो करार अॅरिझोनाला गेला, संघच हलल्यामुळे युटाला गेला, मग 2025 मध्ये शिकागोला. खेळाडू घरी, करार प्रवासात. कारण पुन्हा तेच, वेतनमर्यादा. उरलेल्या वर्षांत हातात द्यायची रक्कम थोडी होती, पण हिशेबात ती मोठी दिसायची, आणि वेतनाला वरच्या मर्यादेसारखीच खालचीही मर्यादा असते, त्या किमान आकड्यापर्यंत पोचण्यासाठी काही संघांना असलाच कागद हवा असतो. 2024 मध्ये वेबर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला तेव्हा कागदोपत्री तो युटाचा खेळाडू होता. त्या संघाकडून तो एक मिनिटही खेळला नाही.

हे सांगायचं कारण असं की उन्हाळ्यात ट्रेडवर बोलणाऱ्यांनी या नियमांचा अभ्यास करावाच. कराराची वर्षं, मर्यादेवर पडणारा भार, संमतीची अट हे माहीत नसेल तर वाद पोकळ होतो. पण तो अभ्यास करूनही मी सुबानच्या बाजूनेच आहे. मी तो ट्रेड केला नसता. वेबर कमी होता म्हणून नव्हे. संघाला त्या उन्हाळ्यात गोल करणारे हवे होते, आणि गोलरक्षक कॅरी प्राइस जायबंदी असल्यामुळे आधीचा हंगाम बुडाला होता. बचावातला सगळ्यांत लाडका माणूस बदलून यांतली एकही अडचण सुटणार नव्हती.

उलट 2018 चा ट्रेड बघा. कर्णधार मॅक्स पॅचिओरेटीला व्हेगासला दिलं तेव्हाही इथे हळहळ झाली. पण संघ नव्याने उभा करायचा होता, म्हणून तरुण पोरगा हवा होता. आला तो निक सुझुकी. आज तोच कर्णधार आहे. तिथे गरज आणि सौदा एकमेकांना धरून होते.

याच मापाने मी जून 2025 चा सौदा तोलते. व्यवस्थापक केंट ह्यूज यांनी न्यू यॉर्क आयलंडर्सकडून नोआ डॉब्सन आणला. 25 वर्षांचा, उजव्या हाताने खेळणारा बचावपटू, आठ वर्षांचा करार, वर्षाला 95 लाख डॉलर. बदल्यात एमिल हाइनमन आणि त्याच ड्राफ्टमधल्या 16 व्या आणि 17 व्या क्रमांकाच्या निवडी. पहिल्या फेरीतल्या दोन निवडी एकदम दिल्या म्हणून पुष्कळजण चिडले. मी नाही चिडले. तयार, तरुण, उजव्या हाताचा बचावपटू बाजारात क्वचित येतो, आणि आम्हाला नेमकी तिथेच उणीव होती. हाइनमन मात्र मला आवडायचा. त्याच वर्षी जानेवारीत युटामध्ये रस्त्यावर गाडीची धडक बसून तो जायबंदी झाला होता आणि बरा होऊन परत खेळला. त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि ते मी लपवत नाही.

डॉब्सनचा करार 2033 मध्ये संपेल. त्या दोन निवडींतून आयलंडर्सनी व्हिक्टर एक्लुंड आणि कॅशॉन एचिसन ही दोन मुलं घेतली. ही दोन्ही नावं लिहून ठेवा, त्यांच्यावर आपण पुष्कळ भांडणार आहोत. नमस्कार.