बाजार कुणी पाडला?

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचा सौदा)

पोत्यातनं मूठभर हळकुंडं काढायची, एखादं कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मग बोली लावायची, चार-पाच व्यापारी, मधे अडत्या, एका ढिगाचं झालं की लगेच पुढचा ढीग. शेतकरी बाजूला उभा. घरी फोन लावून सांगतो, "आज बाजार पडला."

आता बघा, भाव तर आत्ता डोळ्यादेखत माणसांनीच ठरवला. पण बोलताना आपण बाजाराला एक वस्तूच करून टाकतो, तो चढतो, पडतो, थंड होतो, आणि बोली लावणारी माणसं वाक्यातनं गायबच.

ह्याला इंग्रजीत शब्द आहे, रीइफाय. लॅटिनमध्ये रेस म्हणजे वस्तू, त्यावरनं आलाय. ज्याला हात लावता येत नाही अशी कल्पना खरीखुरी वस्तू असल्यासारखी धरून चालायचं, ते रीइफिकेशन. हंगेरीचा विचारवंत ग्यॉर्ग लुकाच, त्यानं १९२३ मध्ये मार्क्सचा धागा पकडून ह्यावर सविस्तर लिहिलं, की बाजाराच्या व्यवस्थेत माणसामाणसातले संबंधच वस्तूंचे संबंध वाटायला लागतात. यार्डात उभं राहिलं की हे लगेच पटतं.

शब्द बहुतेकदा टीका करायलाच वापरतात. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ मध्ये आयक्यूवर हाच आक्षेप घेतला, बुद्धी इतकी गुंतागुंतीची, तिला एकच आकडा द्यायचा, मग तेवढी वस्तू डोक्यात भरलीय असं मानायचं आणि त्यावर माणसांना वर-खाली लावायचं. फार वाईट आहे हे. कॉम्प्युटरवाले मात्र हाच शब्द साधेपणानं वापरतात, प्रोग्राममधली अमूर्त गोष्ट हाताळता येईल अशा डेटाच्या रूपात आणली की झालं रीइफाय.

आणि कल्पना प्रत्यक्षात आणणं काय दरवेळी वाईट नसतं. ह्याच पट्ट्यात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. इंग्रज अजून इथंच होते, तरी गावोगाव न्यायदान मंडळं बसली, जमिनीची, कर्जाची भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटायला लागली. स्वराज्य हा शब्द लोकांना असा हाताला लागला. ह्याला मी रीइफिकेशन म्हणणार नाही, कारण निवाडा कोण देतंय आणि तो पटला नाही तर जाऊन कुणाला विचारायचं, हे गावातल्या माणसाला नावानिशी ठाऊक होतं.