चोच, रान आणि सूर

ही चोच नीट पाहा. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरचा, जमिनीवर चरणारा फिंच हा छोटा पक्षी एक टणक बी फोडतोय. चोच बुंध्याशी जाड, जबडा भक्कम. तिथल्याच डॅफ्नी मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या, तेव्हा तगले ते बहुतेक अशाच चोचीचे.

आता गाणारा फिंच बघू, वेग कमी करून. सूर चढला की चोच उघडते, उतरला की मिटत येते. नाजूक चोच हे भराभर करू शकते. बी फोडणाऱ्या चोचीत ताकद आहे, चपळाई नाही. गॅलापागोसच्याच सांताक्रूझ बेटावरच्या फिंचांची गाणी जीवशास्त्रज्ञ जेफ्री पोडोस यांनी मोजली आणि २००१ साली दाखवून दिलं: चोच जितकी मोठी, तितकी तान संथ आणि सुरांचा पल्ला तोकडा. बी कुठली खायची, यावर गाणंही ठरत गेलं!

सूर मात्र चोचीत जन्मत नाही. श्वासनलिका छातीत जिथे दुभंगते, तिथे पक्ष्याचं स्वरयंत्र असतं आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजू शकतात. उत्तर अमेरिकेतल्या या लाल कार्डिनल पक्ष्याची मींड ऐका. खालचे सूर डाव्या बाजूचे, वरचे उजव्या. सांधा कुठे आहे, ते कानाला कळतसुद्धा नाही.

गाणं येतं कुठून, हे घराण्यावर अवलंबून. कार्डिनल आणि फिंच यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून शिकतात. ईस्टर्न फीबी या पक्ष्याचं घराणं वेगळं. त्याला ऐकू येत नसलं तरी त्याचं गाणं बिनचूक येतं.

आणि हे रान. इथे पानं आणि खोडं आवाज परतवतात, त्यामुळे झपाट्याच्या मुरक्या एकमेकींत मिसळून जातात. पक्ष्यांच्या आवाजाचे अभ्यासक यूजीन मॉर्टन यांनी पनामात हेच टिपलं, १९७५ साली लिहिलं: दाट जंगलात खालच्या पट्टीतल्या स्वच्छ शिळा, उघड्या गवताळ भागात भराभर थरथरणारे सूर. रान तुटलं, तर ज्या जागेसाठी हा आवाज घडला ती जागाच जाते.

ऑस्ट्रेलियातले रीजंट हनीईटर पक्षी तर इतके विरळ झालेत, की काही तरुण नर दुसऱ्याच जातीचं गाणं उचलतात. त्यांना जोडीदार मिळणं अवघड जातं. म्हणून पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लांना आता रानातल्या नरांचं गाणं ऐकवून शिकवलं जातंय.