डोंगरातल्या माणसाला काय विचारायचं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'गिर्यारोहकाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात'. त्यावर येतोच. आधी एक तक्रार.

नाशिकचा माणूस पहाटे निघून अंजनेरी करतो आणि दुपारी घरी जेवायला येतो. अशा गावात म्हाताऱ्या गिर्यारोहकाचा सत्कार कसा होतो? शाल, श्रीफळ आणि 'यांनी दोनशे किल्ले सर केले'. सर केले म्हणे! मोगलांना वर्षानुवर्षं रामशेज मिळाला नाही, आणि आपण रविवारी डबा घेऊन गेलो की तासाभरात तो सर. (हसताय, म्हणजे गेलेले आहात.) त्या दोनशेपैकी एका तरी वाटेबद्दल कुणी प्रश्न विचारतं का? लगेच आभारप्रदर्शन.

आता एक बाई सांगतो. एलिझाबेथ हॉली. मूळच्या अमेरिकन, पत्रकार. 1960 मध्ये काठमांडूत राहायला आल्या आणि 2018 मध्ये वारल्या, तोवर तिथंच. स्वतः एकही शिखर चढल्या नाहीत. पण हिमालयात जाणारी तुकडी हॉटेलात सामान ठेवते न ठेवते तोच बाई हजर, जुन्या निळ्या फोक्सवॅगनमधून. कुठल्या धारेनं जाणार, किती जण, तळ कुठं? परत आल्यावर पुन्हा हजेरी: कोणत्या तारखेला कोण कुठवर पोहोचलं, प्राणवायू वापरला का, कोण मागं फिरलं? भलेभले चळचळा कापत. 2010 मध्ये कोरियाच्या ओह उन-सन यांनी आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं चढल्याचं जाहीर केलं. त्यातल्या कांचनजंगावर शंका निघाली, कारण शिखराचा फोटो पटण्यासारखा नव्हता आणि सोबतच्या शेर्पांच्या सांगण्यात मेळ नव्हता. हॉलीबाईंनी आपल्या नोंदींत त्या चढाईपुढं 'वादग्रस्त' असं लिहिलं. एका न चढणाऱ्या बाईच्या एका शब्दाला केवढं वजन! मुद्दा काय, तर आपल्याला डोंगर चढणारे पुष्कळ आहेत. अशी विचारणारी हॉलीबाई नाशिकला हवी आहे.

विचारायचं काय? माझा लाडका प्रश्न आहे, 'दोर कुठं घासला?' 'चढाई कशी झाली?' विचारलं की 'फार छान' असं उत्तर येतं आणि गप्पा संपतात. दोराचं विचारा, म्हणजे माणूस हातानं हवेत कातळ काढायला लागतो. आपला बेसाल्ट थराथरांचा. कठीण थराची कड पातीसारखी, खालचा मऊ थर झिजून आत गेलेला. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, दोर त्या कडेवरच वर-खाली खेळतो. म्हणून कडेखाली गोणपाट घालायचं, आणि गोणपाट सरकू नये म्हणून तेही बांधायचं. हे दुसरं काम विसरलं जातं.

जुना दोर घरात असेल तर मागवा. मनिला दोर असला तर ओला झाल्यावर तो फुगायचा, गाठ सुटता सुटायची नाही; बाहेरून धड दिसला तरी आतून कुजलेला असू शकायचा. नायलॉनचा असेल तर इंचाइंचानं बोटांतून सोडा आणि ठिकठिकाणी वळवून बघा. चांगला दोर गोल कमान धरतो. एखाद्या जागी कमान मोडून चपटी घडी पडली, तर वेष्टण शाबूत असलं तरी तिथला गाभा गेला. अशा जागेवर बोट ठेवून विचारा, 'हे कुठलं?' मग वही भरायला घ्या. हा दोर आठवणींसाठीच ठेवायचा बरं का, नातवाला चढायला द्यायचा नाही. नायलॉन कपाटात पडून राहिला तरी म्हातारा होतो. आपल्यासारखाच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा!

भराभर सांगतो. एका बैठकीला एकच मोहीम, दीड तासाच्या वर नाही. समोर सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पेन्सिल त्यांच्या हातात द्या. सुरुवात उतरण्यापासून करा, कारण माथ्याची गोष्ट शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली असते. साल आठवत नसेल तर खुंटी द्या: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, लग्नाआधी की नंतर? पाणी कुठल्या टाक्यात होतं, कुठल्या महिन्यात? अलंग किल्ल्याची वाट दाखवणारा गावातला माणूस कोण? सगळ्या अहवालांत तो 'एक स्थानिक' असतो. नाव, पाडा, आडनावासकट लिहून घ्या.

फोन विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक त्यात येते. पंखा बंद. घरी जाण्याआधी ध्वनिफीत दोन ठिकाणी उतरवा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. स्लाइडना आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. त्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नका, कारण तिनं पोखरलेला रंगाचा थर ओल लागताच सुटून येतो.

दुसरी चिठ्ठी. बरं. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांचं राहिलंच. ज्यांना ऐकायचंय त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी यावं, आणि घरात जुना दोर असेल तर पुढच्या वेळी पिशवीत घालून आणावा.